कोंब एक, नावं दोन

काल रात्री सव्वाअकराला तुझा फोन आला तेव्हा मी सांडग्यांसाठी मुगाची डाळ वाटत होते. मिक्सर बंद करेपर्यंत तुझं अर्धं सांगून झालं होतं आणि उरलेलं अर्धं रडण्यात गेलं. तरी एवढं कळलं की बाबांच्या मोठ्या आतड्यातला कोंब, म्हणजे पॉलिप, दुर्बिणीतून काढला, नागपूरच्या लॅबचा रिपोर्ट आला आणि त्यात कॅन्सर हा शब्द कुठेच नाही. तुम्ही पेढे आणायच्या बेतात होतात. तेवढ्यात योकोहामाच्या दादाने तोच रिपोर्ट, स्लाइडच्या फोटोंसकट, तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, आमच्याकडे याला सुरुवातीचा कॅन्सर म्हणतात. तेव्हापासून तुझ्या डोक्यात एकच घोळतंय, यातलं खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही गं.

'सकाळी बोलू' म्हणून मी फोन ठेवला, त्याचा तुला राग आला असेल. पण त्या वेळी मी काहीही सांगितलं असतं तरी ते तुझ्या कानाच्या आत गेलं नसतं. आता चहा झाला असेल. नसेल तर आधी घे. मग हे सावकाश वाच, आणि मधेच मोबाइलवर काही शोधायला जाऊ नकोस. रात्री दोन वाजता आतड्याचे फोटो बघत बसण्याचा अनुभव मला भरपूर आहे, त्यातून डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांपलीकडे काही हाती लागत नाही.

बघ, माझ्या घरात हे होऊन गेलंय. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंचा असाच कोंब निघाला होता. एका लॅबने लिहिलं 'हाय-ग्रेड डिस्प्लेशिया'. कुणीतरी म्हणालं, दुसरं मत घ्या. म्हणून स्लाइड दुसरीकडे नेल्या, तर तिथून आलं 'इंट्राम्युकोसल कार्सिनोमा'. कार्सिनोमा म्हणजे काय हे समजायला मला डॉक्टर लागला नाही. मी गुपचूप स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळत बसले. इतकी मळली, इतकी मळली की पोळ्या वातड झाल्या. सासूबाईंनी एक घास चावून विचारलं, "आज पिठाऐवजी रबर आणलं का गं?" त्यांना काहीच माहीत नव्हतं आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं.

आणि खरं सांगू का, त्या रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती, 'मार्जिन्स फ्री'. आमचं कापडाचं दुकान. मार्जिन म्हणजे नफा, हे मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकतेय. ह्यांनी ते वाचलं आणि सुस्कारा सोडला, "म्हणजे यात हाती काही लागायचं नाही." मीही मान हलवली. तीन दिवस आम्ही दोघं त्या ओळीपाशी तोंड पाडून बसलो. मग कळलं की कोंब जिथून कापला त्या कडेला रोगट पेशी नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली ओळ होती ती! तुझ्या बाबांच्या रिपोर्टमध्येही ती आहे असं तू काल हुंदके देत वाचून दाखवलंस. आता तीच ओळ पुन्हा एकदा नीट वाच.

आम्हाला सगळं उलगडून सांगितलं ते नागपूरच्या एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी. पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की आपल्याला रक्त-लघवी तपासणारी लॅब आठवते. पण शरीरातून काढलेला तुकडा बघून रोगाचं नाव ठेवणारे तेच. पेशंट त्यांना क्वचितच भेटतो, म्हणून बिचारे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. कोंब काढला की तो फॉर्मलिनच्या बाटलीत जातो. मग त्याचे तुकडे मेणात बसवतात, त्या वडीला ब्लॉक म्हणतात. तिचा काप काढतात तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट, एवढा पातळ. तो काचेवर पसरून जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवला की झाली स्लाइड.

त्यांच्याकडे दोघांना एकाच वेळी बघता येईल असं मायक्रोस्कोप होतं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग हळूहळू गुलाबी रंगावर जांभळी वर्तुळं दिसायला लागली, अगदी ओळीने मांडलेल्या बांगड्यांसारखी. ती अस्तरातल्या ग्रंथींची तोंडं. निरोगी भागात प्रत्येक बांगडीच्या कडेने बारीक ठिपके एका रांगेत बसलेले होते. ती पेशींची केंद्रकं. डॉक्टरांनी काच जराशी सरकवली आणि चित्र बदललं. बांगड्या वेड्यावाकड्या, एकमेकींना चिकटलेल्या. ठिपके मोठे, काळपट आणि एकावर एक चढलेले, जणू बसस्टँडवर यवतमाळ-नागपूर गाडी लागल्यावर दाराशी व्हावी तशी रेटारेटी. "हे बरोबर दिसत नाही," मी म्हटलं. "नाहीच आहे," ते म्हणाले, "यावर कुणाचंही दुमत नाही. भांडण पुढच्या गोष्टीवर आहे."

मग त्यांनी विचारलं, "वावर आहे ना तुमचं?" म्हटलं, दारव्ह्याकडे आहे थोडं, पऱ्हाटी लावतो. "मग ऐका. आतड्याचं आतलं अस्तर म्हणजे वावर. त्याच्याखाली स्नायूची एक बारीक पट्टी असते, तो धुरा समजा. धुऱ्यापलीकडे रक्ताच्या आणि लसिकेच्या वाहिन्या, म्हणजे बाहेर पडायचा रस्ता. आता वावरात एक तण उगवलंय. जपानी पॅथॉलॉजिस्ट पान बघतो, पेशी कशा दिसतात, ग्रंथी किती बिघडल्यात ते बघतो आणि तिथेच म्हणतो, हा कॅन्सर. युरोप-अमेरिकेतला पॅथॉलॉजिस्ट खाली वाकून धुरा बघतो. तण धुऱ्याच्या आत असेल तर तो म्हणतो, हाय-ग्रेड डिस्प्लेशिया, म्हणजे फार बिघडलेलं, पण अजून कॅन्सर म्हणू नये असं. तण तेच, वावर तेच."

मला वाटलं, हे काय, मग धुरा ओलांडायची वाट बघायची? तसं नाही गं. वाट कुणीच बघत नाही, दोघंही तण उपटूनच टाकतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरात लसिकावाहिन्या जवळजवळ नसतातच. त्यामुळे रोग तिथेच असेल आणि पूर्ण निघाला असेल तर तो दुसरीकडे पसरल्याची धास्ती राहत नाही. म्हणून पाश्चात्त्य डॉक्टर म्हणतात, उगाच कॅन्सर हा शब्द लिहून माणसाला का घाबरवायचं, आणि त्या शब्दापायी कुणी अख्खं आतडं कापायला निघालं तर? जपानी डॉक्टर म्हणतात, पेशी जर त्याच जातीच्या असतील तर नाव लपवायचं कशाला? मला विचारशील तर दोघांचंही पटतं. हं, एक लक्षात ठेव, हे मी मोठ्या आतड्याचं सांगतेय. जठराच्या आणि अन्ननलिकेच्या अस्तरात लसिकावाहिन्या असतात, त्यामुळे तिथे अस्तरातल्या अस्तरात जरी घुसखोरी दिसली तरी पाश्चात्त्य डॉक्टरही कॅन्सरच म्हणतात. तेव्हा शेजारच्या काकूंच्या जठराचा रिपोर्ट आणि बाबांचा रिपोर्ट एकमेकांशेजारी ठेवून ताडू नकोस. तू ते करणार, मला माहीत आहे.

हा फरक आला कुठून, ते मी नंतर हौसेने वाचून काढलं. (कापड दुकानातल्या बाईला दुपारी दोन ते चार दुसरं काम काय?) जपानात जठराचा कॅन्सर फार. त्यामुळे पोटात जाणारा कॅमेरा करायची धडपड तिथे १९५०च्या सुमारालाच सुरू झाली होती, आणि १९६०च्या दशकापासून एक्स-रे यंत्र बसवलेल्या गाड्या गावोगाव फिरवून लोकांची पोटं तपासायला लागले. तक्रार नसलेल्या माणसाच्या पोटात शोधायला गेलं की सापडतंही अगदी कोवळं. १९६२ साली तिथल्या एंडोस्कोपीच्या संघटनेने 'अर्ली गॅस्ट्रिक कॅन्सर' म्हणजे काय याची व्याख्याच करून टाकली. इतकी कोवळी तणं रोज बघणारा माणूस पानावरून ओळखायला शिकणारच. पश्चिमेकडे जठराचा कॅन्सर कमी, आणि जो यायचा तो वाढलेला. कोवळं पान त्यांच्या डोळ्यांखालून तेवढं गेलंच नाही.

मग १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक अभ्यास छापून आला. रोनाल्ड श्लेम्पर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठराच्या ३५ स्लाइड घेतल्या आणि त्या जपान, युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ८ पॅथॉलॉजिस्टना वेगवेगळ्या बघायला दिल्या. सगळ्यांना तीच काच. जिथे पाश्चात्त्यांनी डिस्प्लेशिया लिहिलं तिथे कितीतरी वेळा जपान्यांनी सरळ कॅन्सर लिहिला. त्यातून एक मजेशीर गोष्ट पुढे आली. जपानात जठराच्या कॅन्सरचे रोगी इतके बरे होतात त्याचं थोडं श्रेय या नाव ठेवण्याच्या पद्धतीलाही जातं. जे पाश्चात्त्यांच्या हिशेबात कॅन्सरमध्ये धरलेच गेले नसते, तेही तिकडे बरे झालेल्यांत मोजले जातात. म्हणजे दोन शाळांचे निकाल ताडताना एकीने बालवाडीही धरावी तसं. पण जपान्यांची बाजूही कच्ची नाही हं. जठरातून चिमटीएवढा तुकडा काढून ज्याला पश्चिमेकडे डिस्प्लेशिया म्हटलं, तो भाग पुढे पूर्ण काढल्यावर आत खरोखरच कॅन्सर निघाला, असंही बरेचदा झालंय.

पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, १२ देशांतले ३१ पॅथॉलॉजिस्ट व्हिएन्नाला जमले. जठर, मोठं आतडं आणि अन्ननलिका, तिन्हींच्या स्लाइड होत्या. जुन्या शब्दांत बोलले तेव्हा जठराच्या दहातल्या चार स्लाइडवरही दोन्ही गटांचं जमेना. मग त्यांनी शब्दांचं भांडण बाजूला ठेवून पाच पायऱ्या ठरवल्या. पहिली, काही नाही. दुसरी, सांगता येत नाही. तिसरी, सौम्य बिघाड. चौथी, फार बिघाड पण घुसखोरी नाही. पाचवी, घुसखोरी झालेली. याच पायऱ्यांवर स्लाइड बसवल्या तर दहातल्या सातेक जुळायला लागल्या. गंमत बघ, त्या चौथ्या पायरीवर 'हाय-ग्रेड डिस्प्लेशिया'ही बसतं आणि 'घुसखोरी नसलेला कॅन्सर'ही. म्हणजे तुझे नागपूरचे डॉक्टर आणि दादाचे योकोहामाचे डॉक्टर एकाच पायरीवर, मांडीला मांडी लावून बसलेत. आणि चौथ्या पायरीचा उपाय दोघांकडे एकच, तेवढा भाग पूर्ण काढायचा. तो काढून झालाय. तू फोन केलास त्याच्या दहा दिवस आधीच!

आपल्याकडचे डॉक्टर या बाबतीत पश्चिमेच्या बाजूचे. शिकतात तीच पुस्तकं, रिपोर्टचे नमुनेही बहुतेक तिकडचेच. पण नजर सगळी उसनी नाही बरं का. मुंबईचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं तेव्हा तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत खानोलकरांनी उभी केली, आपल्या देशातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारा माणूस. त्यांनी १९४५ साली लिहिलं की धोतर वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी करकचून बांधल्याने तिथल्या कातडीला कॅन्सर होतो. लंडनच्या डॉक्टरला हे कसं सुचणार? तिकडे धोतर नेसतंय कोण? हे वाचल्यापासून मी परकराची नाडी सैल बांधते आणि लग्नाकार्यात दर तासाला निऱ्या सावरत बसते.

दुसरं उदाहरण तर अगदी आतड्याचंच. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे गाठ आली की आपल्याकडचा डॉक्टर कॅन्सरइतकाच टीबीचाही विचार करतो. माझ्या मैत्रिणीच्या भावाचं असंच झालं. घरच्यांनी मनातल्या मनात त्याचे दिवस मोजायला घेतले होते, आणि बायोप्सीत निघाला टीबी. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी पोरगा उभा राहिला, आता दिग्रसला मोटारसायकलचं दुकान चालवतो. तसलीच स्लाइड युरोपात गेली असती तर तिथे आधी क्रोन्स नावाच्या दुखण्याची शंका घेतली असती. ज्या गावात जे पिकतं तेच तिथल्या डोळ्यांना आधी दिसतं.

बरं, आता कामाचं. एक फाइल कर. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद मला दाखवायला आणू नकोस. कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट सगळ्यात वर ठेव, कारण कोंब किती मोठा होता, कुठे होता, एकसंध निघाला की तुकड्यातुकड्याने, हे त्यातच असतं, आणि नेमका तोच कागद सगळे हरवतात. मीही हरवला होता. नंतर तो दुकानाच्या उधारीच्या वहीत सापडला. त्याच्याखाली लॅबचा रिपोर्ट.

दादाला सांग की व्हॉट्सअॅपवरच्या चार फोटोंवरून मत बनत नाही. मोबाइल टेकवून काढलेल्या फोटोत एक कोपरा दिसतो. पॅथॉलॉजिस्ट सगळी काच फिरवून बघतो, लागलं तर ब्लॉकमधून आणखी काप काढून बघतो. दुसरं मत हवंच असेल तर लॅबकडे अर्ज देऊन स्लाइड आणि ब्लॉक मागायचे. ते पेशंटला मिळतात. मागताना संकोच करायचा नाही, आणि घेतल्याची पोच नीट जपून ठेवायची. कुणाला राग येईल ही भीती मनातून काढ. चांगले पॅथॉलॉजिस्ट आपल्याच खोलीत शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला 'जरा हे बघ' म्हणून दिवसातून चार वेळा काच दाखवतात. त्यासाठी लांब जायचीही गरज नाही. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजीचा विभाग आहे, पुढे सावंगी मेघे आहे, सेवाग्राम आहे. मुंबईच्या टाटाला धावायचं असं यात काही दिसत नाही. आणि टाटाच्याच पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं, त्यात देशभरची हॉस्पिटलं एकमेकांना जोडलेली आहेत, तेव्हा उद्या गरज पडलीच तरी वाट बंद नाही.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा 'कॅन्सर आहे की नाही?' एवढंच विचारून परत येऊ नकोस. मी तेच केलं होतं. डॉक्टर म्हणाले 'तसं म्हणता येणार नाही', आणि मी ते 'तसं' कुठल्या बाजूचं याचा विचार करत बुटीबोरीपर्यंत आले. विचार, की रोग धुऱ्याच्या आत आहे ना? सबम्युकोसा, म्हणजे धुऱ्याखालचा थर, तिथे काही गेलंय का? कापलेली कड स्वच्छ आहे का? रक्ताच्या किंवा लसिकेच्या वाहिनीत पेशी दिसल्या का? पेशी 'पुअरली डिफरन्शिएटेड', म्हणजे मूळ रूप ओळखू न येण्याइतक्या बिघडलेल्या, आहेत का? यातल्या कशाचंही उत्तर वाईट आलं तर मग गोष्ट वेगळी, तेव्हा सर्जनशी बसून बोलावं लागेल, आणि त्या वेळी जपान काय म्हणतं आणि अमेरिका काय म्हणते हा प्रश्नच उरत नाही, दोघंही एकच सांगतील. पण तू काल वाचून दाखवलंस त्यात असं काही नव्हतं. तरी तू खुर्चीत बसून, वही काढून, विचारून ये. आणि पुढची कोलोनोस्कोपी कधी, हे तारखेसकट लिहून घे. कोंब एकसंध आणि पूर्ण निघाला असेल तर साधारण तीन वर्षांनी सांगतात, तुकड्यांत निघाला असेल तर सहा महिन्यांतच पुन्हा बघतात. नक्की काय ते डॉक्टर ठरवतील. तुझं काम फक्त ती तारीख फ्रिजच्या दारावर लावायचं.

पैशाचंही बोलूच, कारण तुझ्या मनात असूनही तू ते विचारलं नाहीस. बाबांची गंभीर आजारांची विमा पॉलिसी आहे ना? तिच्यात कॅन्सरची जी व्याख्या असते, तिच्यातून अस्तरापुरता, घुसखोरी न केलेला रोग सहसा वगळलेला असतो. म्हणजे योकोहामाच्या डॉक्टरांनी 'कॅन्सर' म्हटलं म्हणून त्या पॉलिसीचे पैसे मिळतील असं नाही. कंपनी शब्दापेक्षा घुसखोरी बघते. उगाच कुणाच्या सांगण्यावरून रिपोर्टमध्ये शब्द बदलून मागायला जाऊ नकोस. हॉस्पिटलच्या खर्चाची साधी मेडिक्लेम असेल तर ती वेगळी, तिचे कागद मात्र मुदतीत दे. माझे पाच दिवसांनी चुकले होते, त्या खर्चातून एक चांगली पैठणी आली असती असं मी अजून मनात धरून आहे.

आता सगळ्यात अवघड. बाबांना काय सांगायचं? आम्ही सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं. घरात कुजबुज, त्या आल्या की गप्प. चौथ्या दिवशी त्यांनी मला देवघरात गाठलं आणि म्हणाल्या, "मी मरणार असेन तर सांग, माझ्या पाटल्या कुणाला द्यायच्या ते ठरवायचंय." सांगितलं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काढलं ना ते? मग रडता कशाला?" तर बघ, बाबांना खरं सांग, पण धुऱ्याच्या भाषेत सांग. शेतकरी माणूस, त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळेल. जपानचं नाव आधी काढू नकोस, आधी निघालंय हे सांग. पाहुण्यांना काय सांगायचं ही काळजी तुला लहान बहिणीच्या सोयरिकीमुळे आहे, मला कळतंय. पाहुण्यांना एवढंच सांग की पोटातला कोंब काढला, तब्येत बरी आहे. ते खरंच आहे. गावभर रिपोर्ट वाटायचा नसतो.

आणि दादावर चिडू नकोस. सहा हजार किलोमीटरवर बसलेल्या पोराला बापासाठी करता येण्यासारखं एवढंच होतं, की कुणाला तरी कागद दाखवावा. त्याने तेवढं केलं. त्याला आज फोन कर आणि त्याच्या डॉक्टरांना विचारायला सांग, 'तुमच्याकडे हाच पेशंट असता तर यापुढे काय केलं असतं?' नाव विचारू नकोस, पुढचं विचार. उत्तर जवळपास नागपूरसारखंच येईल असा माझा अंदाज आहे. वेगळं आलं तर ते उत्तर घेऊन आपण नागपूरच्या डॉक्टरांकडे जाऊ.

तुझं स्वतःचं काय? तू एकोणचाळिसाची झालीस, मला माहीत आहे, डोहाळजेवणाला तुझं वय खोटं सांगणारी मीच होते. आईवडिलांना असा कोंब निघाला असेल तर मुलांनीही चाळिशीच्या आसपास एकदा आतडं तपासून घ्यावं असं डॉक्टर सांगतात. तूही, दादाही. आदल्या दिवशी ते औषधाचं पाणी पिऊन दहा वेळा धावावं लागतं, तेवढाच त्रास. मी केलं. त्यानंतर खाल्लेल्या वरणभातासारखा वरणभात मी आयुष्यात खाल्ला नाही.

शनिवारी फाइल घेऊन ये. स्लाइड-ब्लॉक आणायला नागपूरला जाणार असशील तर एक लक्षात ठेव. गेल्या खेपेला मी सासूबाईंचे ब्लॉक पाकिटात घालून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले होते आणि वाटेत कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला उतरले. मे महिना, बाहेर ४४ डिग्री, काच बंद. पायऱ्या उतरून खाली देवळात गेले, गारव्याला जरा बसले, परत येऊन बघते तर मेणाच्या वड्यांना पाझर फुटलेला. लॅबमधल्या टेक्निशियनने माझ्याकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं, एक शब्द बोलला नाही, आणि सगळं पुन्हा नव्या मेणात बसवून दिलं. तेव्हा तू घरून स्टीलचा डबा ने, झाकण घट्ट लाव आणि मांडीवर धरून बस. येताना आमच्याकडेच उतर, सांडगे तोवर वाळलेले असतील, तुझ्या वाटचे बांधून ठेवते.